सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

निघेच ना.

मी ओढला, फिरवला, थुंकी लावली, दातात धरून ओढला, तरी पोरीच्या बोटातला तो पितळेचा बिल्ला निघेच ना, अन् पोरगी अशी किंचाळली का त्या तीन मजली दुकानातले झाडून सारे लोक माझ्याकडं वळले. कोणाच्या हातात बादली, कोणाच्या हातात पंख्याचं पातं, अन् सारे असे पाहून राहिले जशी मीही तिथी विकाले मांडून ठेवली आहे. पोरगी माझी पावणेदोन वर्षाची. उजव्या हाताचं बोट, अंगठ्याच्या बाजूचं, ज्यानं ती मले काऊ दाखवते, चिऊ दाखवते. ते बोट पहिले लाल झालं, मंग फुगलं, अन् पाहता पाहता वांग्यासारखं व्हाले लागलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट, का हे बोट आता जाते.

अन् बिल्ला कशाचा? पिशवीचा. पिशवी दारावर ठेवली म्हणून भेटलेला.

थांबा, पहिलेपासून सांगते, नाई तर तुमाले वाटन का बाई वेडी आहे.

मी तिथी गेली होती वायसर आणाले. नळाच्या आत ती रबराची चकती असते ना, तोच. आमच्या आंगणातला नळ रातदिस टपटप करे, अन् सासूबाई तितक्याच वेळा म्हणत का या घरातून लक्ष्मी वाहून जाऊन राहिली, अन् म्हणताना पाहत माझ्याकडं, जशी लक्ष्मीले मीच बाहेर सोडून राहिली आहे.

आता वायसर भेटाले बर्डीच्या मोठ्या बाजारात जावं लागते असं काही नाई. आमच्या महाल वस्तीतल्या गल्लीच्या तोंडावरच लोखंडवाले काका होते. त्याइचं दुकान म्हणजे दोन घरांच्या मधातली फट. आत एक माणूस बसला का दुसऱ्याले जागा नाई, अन् तो एक माणूस काकाच. खिळे डालड्याच्या डब्यात, कड्या छताले लटकलेल्या, साखळ्या दोरीवर कपडे वाळत घातल्यासारख्या. त्याइच्याकडं नाव घेऊन काही मागाचंच नाई. तुटकी वस्तू घेऊन जाची अन् फळीवर ठेवाची. ते उचलत, दोन बोटांत दाबत, न पाहता मागं हात घालत, अन् बराबर तिची बहीण काढून समोर ठेवत. आमच्या गल्लीतल्या कोण्या बाईले एकाही पुरज्याचं नाव येत नाई, अन् काम मात्र कोणाचं अडलं नाई.

पण काकाचं तोंड. बाप्पा रे, ते तोंड. वस्तू द्याच्या आधी पंचनामा.

"काहून वं सूनबाई, दसऱ्याले तर नेला होता वायसर. नळ पिळता का म्हैस पिळता?"

अन् हे हळू नाई. रस्त्याच्या त्या बाजूले एक शिंपी बसे, त्याले ऐकू गेलं पायजे. एक वेळा मी मोरीच्या दाराची कडी आणाले गेली. काका कडी काढतात अन् तिकडं ओरडतात, "अगा, याइच्या मोरीचं दार लागत नाई गा!" संध्याकाळलोक साऱ्या गल्लीले माहीत का आमच्या मोरीचं दार लागत नाई. मी तीन दिवस अंधारात उठून आंघोळ केली. लग्नाले तेव्हा दोन वर्षंही नाई झाले होते, मी घरातही मान वर करून बोलत नव्हती, अन् हा माणूस आमची मोरी चौकात नेऊन राहिला.

म्हणून जेव्हा माझी मोठी जाऊ म्हणे का बर्डीवर नवीन दुकान निघालं, मोठं, शाखा म्हणे रायपूरले आहे, जबलपूरले आहे, काच काय, पंखे काय, सारं मांडून ठेवलेलं, हातानं घ्याचं अन् पाहाचं, कोणी विचारत नाई काहून पायजे, तवा मले वाटलं हाच स्वर्ग. जाऊबाई तिथून एक प्लास्टिकचा मग घेऊन आली होती अन् आठ दिवस तो मग तिनं पाण्यात घातलाच नाई, पाहुण्याइले दाखवाले ठेवला.

अन् खरं सांगते, जाऊ खोटं नव्हती बोलली. तिथी कोणी काही विचारत नाई. अन् तुमी विचारलं तर सांगतही नाई.

चैत्राचं ऊन. पोरगी कडेवर. पिशवीत पोरीची दुधाची शिशी, एक लंगोट, अन् रुमालाच्या गाठीत जुना वायसर, नमुना म्हणून. वस्तूचं नाव सांगून सामान घ्याचं हे मले माहीतच नव्हतं. आमच्याकडं नमुनाच बोलते.

दारावर खाकी टोपीवाला माणूस. म्हणे, "ओ बाई, थैला इधर."

मी म्हटलं, "भाऊ, त्यात नमुना आहे."

"कुछ भी हो. थैला अंदर नहीं."

त्याच्या मागं फळी, फळीले खिळे, खिळ्याइले बिल्ले. पितळेचे गोल, मधात भोक, वर नंबर ठोकलेला. पिशवी घेतली अन् मले सत्तेचाळीस नंबर देल्ला. म्हणे, "संभालके. ये गुमा तो बहुत झंझट है." मी एवढी घाबरली का दोन हातानं धरला, जसा प्रसाद.

आत गेली. नळाच्या टेबलावर एक जण नखं पाहत उभा. मी म्हटलं, "वायसर पायजे." तो म्हणे, "कोणता?" मी म्हटलं, "नळाचा." तो म्हणे, "नळाचाच असते बाई, पिठाचा नसते. साइज सांगा." मी बोटानं गोल करून दाखवला. तो म्हणे, "असं नाई चालत. नमुना आणला का?"

मले किती आनंद झाला! मी म्हटलं, "हाव, आणला! दारावर आहे, पिशवीत."

"मंग घेऊन या."

दारावर गेली. टोपीवाला म्हणे, पिशवी पायजे तर बिल्ला द्या, अन् पिशवी घेतली का तुमी बाहेर. मी म्हटलं, पिशवी नको, नुसता रुमाल द्या. तो म्हणे, पिशवीत हात घालता येत नाई, सामान कमी-जास्त झालं तर जिम्मेदार कोण? मी म्हटलं, सामान माझंच आहे. म्हणे, ते बिल्ल्यावर लिहिलं नाई.

परत टेबलावर आली. तो म्हणे, नमुना? मी म्हटलं, देत नाई. तो म्हणे, मंग मी तरी काय करू. अन् परत नखं.

अशा मी तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरीले पोरगी रडाले लागली. शिशी पिशवीत, पिशवी टोपीवाल्याजवळ. पदराच्या गाठीत बिल्ला बांधाचा तर एक हात पोरीखाली अन् दुसऱ्यात बिल्ला, गाठ बांधाले तिसरा हात आणू कुठून. अन् पोरगी त्या चमकणाऱ्या पितळेकडं हात करे. तवा मी केलं. माझ्या हातानं केलं. तिचं बोट धरलं अन् बिल्ल्याच्या भोकात घातलं, म्हटलं, "अंगठी! बाईची अंगठी! पाह्य कशी राणी दिसून राहिली!" पोरगी हसली. मले वाटलं, वा, लेकरूही चुप अन् बिल्लाही हरवत नाई.

लेकरानं हात मुठीत घट्ट दाबला, बिल्ला सरकला बोटाच्या मुळाशी, अन् बसला.

आता समजलं ना तुमाले, मी कुठी उभी होती ते.

माझी ओरड ऐकून एक टायवाले साहेब आले. त्याइची भाषा एकदम साफ, रेडिओसारखी. म्हणे, "ताई, आपण आधी शांत व्हा."

मी म्हटलं, "साहेब, बोट सुजून राहिलं."

"ते मी बघतोय. बिल्ला काढून द्या म्हणजे प्रश्न मिटला."

"निघत नाई ना साहेब! कापा त्याले!"

साहेबाइचा चेहरा असा झाला जसं मी त्याइचं नाक कापा म्हटलं. "बिल्ला कापता येत नाही. त्यावर क्रमांक आहे. मुख्य कार्यालयातून मोजून येतात ते."

"मंग काय बोट कापू?"

"तसं मी म्हटलेलं नाही," साहेब म्हणे. "पण बिल्ला दुकानाचा आहे. बोट तुमचं आहे."

मी चहूकडं पाह्यलं. भिंतीवर पकडी. लहानीपासून मोठीलोक, ओळीनं, जशा शाळेतल्या पोट्ट्या. त्याच्या बाजूले लोखंड कापाच्या आऱ्या, चार हारी. खाली तेलाच्या कुप्प्या. एवढ्या हत्यारात तर अख्खी रेल्वे खोलता आली असती. मी म्हटलं, "साहेब, थोडं तेल द्या, नुसतं तेल."

तो नखंवाला म्हणे, "सीलबंद आहे बाई, फोडता येत नाई."

"आरी?"

साहेब म्हणे, "आरी तुम्ही विकत घेऊ शकता. पावती होईल, माल मागच्या खिडकीवर मिळेल. मात्र दुकानाच्या आवारात वापरता येणार नाही. आणि तक्रार असेल तर वही तिसऱ्या मजल्यावर आहे."

पोरगी आता रडत नव्हती. हुंदके देऊन राहिली होती फक्त, अन् त्याच्यानं मले जास्त भेव वाटलं. गर्दीतलं कोणी म्हणे, दवाखान्यात ने बाई. माझ्या माहेरी एका माणसाचं बोट मशिनीत गेलं होतं, त्याले दवाखान्यात नेलं तर तो बाकीच्या चार बोटाइचाच वापस आला. अन् कोण जाणे काहून, त्या चमचम दुकानात उभी राहून मले ती फट आठवली, डालड्याचे डबे आठवले.

दारावर गेली. टोपीवाला आडवा. "बिल्ला?"

मी पोरीचा हात त्याच्या नाकासमोर धरला. "हा घ्या! काढून घ्या!"

त्यानं पाह्यलं, विचार केला, अन् म्हणे, "बिल्ला बाहर नहीं जा सकता."

"मंग पोरीले इथी ठेवू?"

तुमाले खोटं वाटन, पण त्या माणसानं मागं वळून फळीवर जागा आहे का ते पाह्यलं.

तेवढ्यात माझ्या मागून एक गिऱ्हाईक खांद्यावर लांब नळी घेऊन निघालं, पावती दाखवाले वळलं, अन् नळीचं मागचं टोक आलं फिरत. टोपीवाला खाली बसला. टोपी गेली उडून. अन् मी, जी कधी सासूबाईच्या समोरून जोरात चाललीही नाई, ती मी पोरीले छातीशी धरून अशी पळाली का एक चप्पल तिथीच राह्यली. मागून शिट्टी. "अरे पकडो, बिल्ला ले गई!" लोक पाहून राहिले, एका पायात चप्पल, पदर खांद्यावर नाई, कडेवर लेकरू, चोर आहे का बाई आहे.

सायकल-रिक्षात बसली. त्याले म्हटलं, महाल, लवकर. लोखंडी पुलाखाली बैलगाड्या अडकलेल्या, कॉटन मार्केटजवळ भाजीची गर्दी, अन् मी रिक्षावाल्याले म्हणून राहिली, भाऊ, मार घंटी, मार घंटी. तो म्हणे, "घंटी मारूनच राहिलो ना बाई, बैलाले कुठी समजते." तलावाच्या काठानं जाताना बोटाले हात लावला तर थंड लागलं. मी देवाले म्हटलं, सोळा सोमवार करीन. मंग वाटलं सोळा कमी आहेत.

काकाच्या फळीपुढं उतरली. मी पोरीचा हात त्याइच्या फळीवर ठेवला. जसा तुटका नळ ठेवते, तसाच ठेवला.

काकाइनं चष्मा खाली केला. पाह्यलं. नंबर वाचला. "बर्डीवरून आली वं?"

मी मान हलवली.

"तीन मजले चढली?"

"काका, बोट..."

"बोटाले काय झालं, बोट बोटाच्या जागी आहे. रडू नको. तू रडशीन तर ते लेकरू काहून नाई रडणार? हात वर धर तिचा. वर, वर, डोक्याच्या वर. रक्त खाली उतरू दे."

मी धरला. काकाइनं मागं हात घातला, न पाहता, अन् पतंगाची रिळ काढली. मांजा नव्हता, सद्दी होती, साधा दोरा. शिवणयंत्राच्या तेलाची कुप्पी दातानं उघडली. बोटाले तेल सोडलं. दोऱ्याचं एक टोक काडीनं बिल्ल्याखालून सारलं, अन् उरलेला दोरा बिल्ल्यापासून वर नखालोक घट्ट, वेढ्याले वेढा चिकटवून गुंडाळला. सारी सूज दाबली गेली. पोरगी किंचाळली. काका तिले म्हणे, "वरड, वरड, जोरानं वरड, बर्डीलोक गेलं पायजे." मंग खालचं टोक धरलं अन् हळूहळू उलटं फिरवाले लागले. एक वेढा सुटे, बिल्ला एक दोराभर वर सरके. दुसरा सुटे, परत सरके. मधल्या सांध्यावर अडकला. काका थांबले, परत तेल, परत दोरा. पहिल्या वेळेस त्याइच्या कपाळावर घाम पाह्यला मी.

अन् टण्णकन बिल्ला फळीवर पडला.

बोट जांभळं, मधात खोल खाच. काका चोळत राह्यले, चोळत राह्यले. मंग पोरीनं ते बोट वाकवलं. काकाच्या चष्म्याकडं केलं अन् म्हणे, "काऊ."

"हाव," काका म्हणे, "काऊच आहे मी." अन् लगेच तिकडं ओरडले, "अगा शिंपी! याइच्या पोरीले बर्डीवाल्याइनं अंगठी देल्ली गा!"

मी तिथीच फळीले टेकून रडली अन् हसलीही. शिंपी हसला, रिक्षावाला हसला. मोरीच्या वेळेस मी मेली होती, पण त्या दिवशी म्हटलं, ओरडा काका, अजून ओरडा.

निघताना त्याइनं एक वायसर माझ्या हातावर ठेवला. मी म्हटलं, "काका, नमुना तर तिथीच राह्यला."

म्हणे, "तुमच्या नळाचा नमुना कशाले पायजे वं? तुझा सासरा होता तवापासून तोच नळ रडून राहिला." अन् वरून, "बिल्ला वापस करून ये. दुसऱ्याची वस्तू आहे."

या गोष्टीले दोन वर्षं झाले. बोट चांगलं आहे, मुळाशी एक पांढरी रेघ तेवढी राह्यली. त्याच बोटानं पोरगी आता पाटीवर पेन्सिल धरते, वाकडा का होईना पण अ काढते. माझी शाळा सहावीतच सुटली, म्हणून मी तो अ पाहत बसते.

घरी मी खरं नाई सांगतलं. सांगतलं का पोरीनंच खेळता खेळता घातला. सासूबाई अजूनही पाहुण्याइले सांगतात, "आमची पोट्टी भल्ली आगाव, पितळ दिसलं का बोट घालते," अन् पोरगी आपली हसते, तिले काय माहीत. माझ्या वाट्याच्या शिव्या ती खाऊन राहिली.

अन् बिल्ला? तो आंगणात नळाच्या वर खिळ्याले टांगला आहे. दोन वेळा मी तो पदरात बांधून बर्डीलोक गेली. दोन्ही वेळा रस्त्याच्या या बाजूनंच पाह्यलं. तीच खाकी टोपी. आता मी बिल्ला द्याले गेली तर तो म्हणन, पिशवी घ्या. पिशवीत दोन वर्षाचं दूध. मंग टायवाले साहेब येतील, शांत व्हा म्हणतील, तिसऱ्या मजल्यावर पाठवतील. अन् बिल्ला नाई द्याचा तर त्याइच्या फळीवर एक खिळा रिकामा, म्हणजे त्या दुकानाच्या हिशोबानं सत्तेचाळीस नंबरची बाई अजून बाहेरच निघाली नाई. एका पायात चप्पल घालून आतच उभी आहे, वायसर मागून राहिली आहे.

काका विचारतात, "देल्ला का वं बिल्ला?" मी म्हणते, "देते ना काका." सासूबाई विचारतात, "हा पितळेचा तुकडा इथी कशाले?" मी म्हणते, "नळाचाच आहे." आता तुमीच सांगा, लेकरू कडेवर, बोट निळं पडलेलं, दारात आडवा माणूस, अन् अंगठी आपल्याच हातानं घातलेली. तुमी काय केलं असतं?